धुळ्याहून येणारी हाक

मुरलीधरनानांशी पहिल्यांदा बोलणारा माणूस गोंधळायचाच. ते एखाद-दुसरं वाक्य बोलायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "बोला." मग समोरच्याचं सांगून पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. आपण नुसतं श्वास घ्यायला थांबलो तरी ते वाट पाहायचे, अजून काही राहिलं असेल म्हणून. भाजीवाल्याशी असंच, बँकेत असंच, लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्या यजमानाशीही असंच. "पोट भरलं. बोला." यजमान बिचारा काय बोलणार? ताट घेऊन पुढच्या पानाकडे सरकायचा, आणि नाना त्याच्या पाठीकडे पाहत बसायचे, उत्तर यायचं राहिलं असल्यासारखे.

मुलांनो, ही सवय त्यांना वायरलेसने लावली होती. तुमच्या फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, भांडूही शकतात. हौशी रेडिओवर तसं नसतं. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबलेलं असताना दुसऱ्याचा शब्दही ऐकू येत नाही. म्हणून आपलं संपलं हे सांगावं लागतं. बाकीचे लोक त्यासाठी इंग्रजी शब्द वापरतात. नाना "बोला" म्हणायचे. पन्नास माणसांच्या खोलीतही ते बटण सोडून बसलेले असायचे.

नाना धुळ्याचे. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि तुमच्या आजोबांचे कॉलेजपासूनचे मित्र होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. पत्नी फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. धुळ्यातच, देवपुरातल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत पोस्टकार्डांनी भरलेली होती. रेडिओवर दोन अनोळखी माणसांची गाठ पडली की ती एकमेकांना असं कार्ड पाठवतात. जपान, ब्राझील, फिनलंड, कुठलीकुठली बेटं. तुमचे आजोबा त्यांना चिडवायचे, "मुरली, तुझी सोयरीक सगळी समुद्रापलीकडे." नाना हसायचे. ते हसणं मी पाहिलं आहे. पुढे ते फारसं दिसलं नाही.

नानांची मोठी बहीण, त्यांची अक्का, शिरपूरकडच्या एका खेड्यात एकटी राहायची. एका वर्षी मे महिन्यात वादळ झालं, खांब पडले, मोबाईलचे टॉवर बंद झाले. नानांनी अक्काला फोन लावला, लागला नाही. वादळामुळे लागत नसेल, असं ते धरून चालले. दुसऱ्या दिवशीही तेच. फोन सुरू झाले, अक्काचा वाजू लागला, ती उचलेना. देवळात गेली असेल. अखेर ते बस धरून गेले. अक्का मोरीत पडली होती. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत असावी.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, एकदाच. त्या वेळी भिंत मोकळी झाली होती; कार्डं काढल्याचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते. म्हणाले, "वहिनी, ब्राझीलमधल्या माणसाचा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. अक्काचं काही माहीत नव्हतं." आणि त्या दिवशी ते "बोला" म्हणाले नाहीत.

तुमचे आजोबा गेले आणि मी या घरात एकटी राहिले, तेव्हा नाना भेटायला आले. सगळे येतात तसे आले, बसले, चहा घेतला. महिन्याभराने पुन्हा आले ते एसटीच्या टपावरून तारेचं भेंडोळं आणि हातात एक जड खोकं घेऊन. मी विचारलं, "नाना, हे काय?"

"तुम्ही एकट्या. मी एकटा. फोन बंद पडतात. बोला."

"अहो, माझा मुलगा रोज फोन करतो."

"करतो. तुम्ही उचलला नाहीत तर तो तिथून काय करील? बोला."

नाना थांबून राहिले. शेवटी मीच म्हटलं, "गच्चीची किल्ली देते."

ती तार, म्हणजे रेडिओची एरियल, त्यांनी पाण्याच्या टाकीपासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला रोवलेल्या लोखंडी पाइपापर्यंत बांधली. परवाना मिळेपर्यंत मला नुसतं ऐकायची मुभा होती. बोलण्याचं बटण त्यांनी काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं. नियम म्हणजे नियम. शेजारच्या पाटीलकाकू आधी म्हणाल्या, वीज पडेल. मग म्हणाल्या, टीव्हीला मुंग्या येतील. दोन्ही झालं नाही तेव्हा त्यांनी तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या. नानांचा आवाज एकदम विरला आणि मला वाटलं सेट बिघडला. फोन केल्यावर ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, वर जाऊन पाहा, कोणी काही टाकलंय का." काकूंना मी सांगितलं की ही धुण्याची तार नाही. त्या म्हणाल्या, "मग एवढी लांब कशाला बांधली बाई, मोहात पाडायला?"

बोलायचं तर सरकारी परीक्षा द्यावी लागते. प्रश्न इंग्रजीत. इथे माझा उपयोग होता. नानांनी आणखी दोघांना तयार केलं होतं: एक हिराताई, जळगावात आमच्या मागच्याच कॉलनीत राहणाऱ्या, दुसरे मुक्ताईनगरजवळचे केळीवाले भास्करराव, ज्यांची दोन्ही मुलं पुण्याला. हिराताई मूळच्या शिंदखेड्याकडच्या, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा परदेशी, फ्लॅट मुलाचा, फ्लॅटमध्ये त्या एकट्या. माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्ग भरायचा. मी नियमांचं इंग्रजी सोपं करून सांगायची, नाना विजेचं शास्त्र सांगायचे. रेडिओवर आवाज नेमका जुळला नाही, सुई केसभर इकडे-तिकडे झाली, तर माणूस तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा, जड, लडबडलेला ऐकू येतो. मग आपण एक छोटं बटण हळूहळू फिरवून तो सरळ करून घ्यायचा असतो. नानांनी आम्हाला हे इतक्या वेळा करायला लावलं की बोटं आपोआप त्या बटणावर जाऊ लागली. "आवाज जाड आला की आधी तुमचं बटण. दुसऱ्याला नावं नंतर ठेवा. बोला."

हिराताईंशी नाना अहिराणीत बोलायचे. त्या दोघांची ती घरची बोली. जळगावात हिराताईंशी तसं बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगाही इंग्रजाळलेल्या मराठीत फोन करायचा. नाना आले की त्यांचा चेहरा उजळायचा. "ये रे भाऊ, बठ. काय खासी?" असं त्या ओरडायच्या आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत राहायची.

परीक्षेला आम्ही रेल्वेने नागपूरला गेलो. हॉलबाहेर सगळी इंजिनीअरिंगची पोरं. दारावरचा माणूस आम्हाला म्हणाला, "पालकांनी तिकडे झाडाखाली बसा." नाना अजिबात न हसता म्हणाले, "यातले तीन उमेदवार आहेत. पालक मी एकटा. बोला." त्या माणसाने आतून हिराताईंसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणून दिली. आम्ही तिघंही पास झालो. हिराताईंना माझ्यापेक्षा जास्त गुण होते आणि परतीच्या प्रवासात अकोल्यापर्यंत त्यांनी ते मला विसरू दिलं नाही.

पुढे पोलीस चौकशी. हवालदार घरी आला, वहीवर पेन टेकवून म्हणाला, "आजी, वायरलेस कशाला पाहिजे? कोणाशी बोलणार?" मी म्हटलं, "मुक्ताईनगरला आणि धुळ्याला." तो म्हणाला, "त्याला मोबाईल नाही का?" पाटीलकाकू कठड्यावरून पूर्ण वेळ पाहत होत्या. संध्याकाळपर्यंत कॉलनीत पसरलं की माझ्याकडे पोलीस आले होते. परवाना यायला इतका उशीर झाला की मी आशा सोडली होती. आला तेव्हा नाना पेढे घेऊन आले, आणि पिशवीतून ते बोलण्याचं बटण काढून माझ्या हातात ठेवलं.

त्या दिवसापासून हजेरी सुरू झाली. रोज सकाळी चहाच्या वेळी नाना धुळ्याहून एकेकाला हाक मारायचे. हिराताई, भास्करराव, मी, चाळीसगावचं एक जोडपं, आणि देवपुरातच नानांच्या गल्लीमागे राहणारे घड्याळवाले रफिकभाई. प्रत्येकाने आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगायचं आणि कसं आहे ते सांगायचं. जो उत्तर देणार नाही त्याच्या दारावर जवळ राहणाऱ्याने जायचं. चौकशी नाही, तर्क नाही, "देवळात गेली असेल" हे वाक्य तर नाहीच. आधी जाऊन दार वाजवायचं. हिराताईंचं दार माझ्याकडे, माझं त्यांच्याकडे. नाना त्यांना हाक मारायचे ती त्यांच्या बोलीत: "हिराताई, रातले झोप उनी का? बोल." आणि त्या म्हणायच्या, "उनी रे भाऊ. पाय दुखी ऱ्हायनात, पन मी शे." शे म्हणजे आहे. दोन वेळा आम्हाला खरोखर धावावं लागलं. चाळीसगावच्या आजोबांची साखर उतरली होती. आणि एकदा मी तापाने उठूच शकले नव्हते. हिराताई काठी टेकत आल्या आणि पाटीलकाकूंकडची किल्ली घेऊन आत शिरल्या. तुमच्या बाबाला ते मी नंतर सांगितलं.

मग ते मोठं वादळ. मुक्ताईनगरच्या बाजूला केळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. फोन बंद, वीज बंद. भास्कररावांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट चालवला. त्यांच्या ओट्यावर गावातली माणसं जमली, प्रत्येकाला कुठेतरी काहीतरी कळवायचं होतं. धुळ्यात नाना एकेक निरोप घ्यायचे, जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचे, बरोबर असल्याची खात्री करायचे, आणि मग रफिकभाई ते फोनने ज्याचे त्याला पोचवायचे. जळगावचे निरोप मी पोचवत होते. निरोप घेतला की "मिळालं" म्हणायचं, हा नानांचा नियम. ते म्हटल्याशिवाय सांगणाऱ्याची सुटका नाही आणि ऐकणाऱ्याचीही नाही. एका बाईने नवऱ्याला कळवायला सांगितलं, "बाग गेली, पोरं आहेत." भास्करराव हवेवरच म्हणाले, "नाना, 'सगळं ठीक आहे' एवढंच कळवा ना. तो माणूस तिकडे एकटा आहे."

"नाही. तिने जे सांगितलं तेच. आपण वाट आहोत, भास्करराव. वाटेने माल बदलायचा नसतो. बोला."

तो निरोप तसाच गेला. महिन्याभराने तो नवरा भास्कररावांकडे येऊन म्हणाला, "'सगळं ठीक' असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वासच ठेवला नसता. पोरं आहेत म्हणाले, म्हणून खरं वाटलं."

मला व्यवस्थित आखून घ्यायची सवय. एकदा मी नानांना विचारलं, "आम्हा सगळ्यांना तुम्ही विचारता. तुम्हाला कोण विचारतं?"

"मी विचारतो आहे म्हणजे मी आहे. बोला."

उत्तर पक्कं होतं. मला पटलं. सगळ्यांनाच पटलेलं होतं.

त्या सकाळी थंडी होती. नानांची हाक आली ती जड आली, लडबडलेली. माझं बोट त्या छोट्या बटणावर गेलं. थोडं इकडे, थोडं तिकडे. आवाज सरळ होईना. नंतर आम्ही एकमेकांना विचारलं तेव्हा कळलं की त्या वेळी पाचही घरांत तेच चाललं होतं. मुक्ताईनगरला भास्करराव बटण फिरवत होते, चाळीसगावला ती दोघं फिरवत होती, देवपुरात रफिकभाई फिरवत होते. नानांनीच शिकवलेलं, आवाज जाड आला की आधी आपलं बटण. भास्करराव म्हणाले, "नाना, तुम्ही जरा सरकलात." नाना म्हणाले, "बघतो." आणि त्यांनीही तिकडे आपलाच सेट तपासला असणार, कारण काही खटखट ऐकू आली. मग त्यांनी मला हाक मारली. मी उत्तर दिलं. मग हिराताईंना हाक मारली. त्यांनी उत्तर दिलं. मग पुन्हा हिराताईंनाच हाक मारली.

भास्करराव म्हणाले, "त्यांना ताईंचं ऐकू गेलं नसेल."

हवेवर दुसऱ्याच्या हजेरीत मध्ये बोलायचं नसतं. हिराताई मध्ये बोलल्या. इतक्या मोठ्याने की माझ्या टेबलावरचा चमचा थरथरला. "हाऊ आवाज मशीनना नही शे! रफिकभाऊ, पळ! नानाले काहीतरी व्हयनं!"

रफिकभाई तसेच अनवाणी पळाले. दार आतून बंद होतं. शेजाऱ्यांनी मिळून ते तोडलं. नाना खुर्चीत होते, उजवा हात खाली लोंबत होता, आणि डाव्या हाताने ते माईकची वायर पुन्हा खोचत होते.

दवाखान्यात जीव वाचला. वाचा गेली. उजवं अंगही गेलं. त्यांचा पुतण्या नाशिकहून येऊन राहिला, आणि रफिकभाईंच्या घरून दोन वेळचा डबा येऊ लागला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा नानांनी आम्हाला ओळखलं. सगळं कळत होतं असं वाटायचं. बोलायला तोंड उघडायचे आणि एकच आवाज यायचा, "द... द..." मग तोंड मिटून मान फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईलही, नाहीही.

भास्कररावांच्या मनात एक आशा होती. आम्हा तिघांत पुढची परीक्षा, ती कट-कड-कटची, म्हणजे मोर्सच्या लांब-आखूड ठोक्यांची, त्यांनी एकट्यानेच दिली होती, नानांकडे शिकून. ते म्हणाले, "तोंडाने नाही तर बोटाने बोलतील. डावा हात चालतो ना." आम्हाला सगळ्यांनाच एकदम वाटलं, असं कसं सुचलं नाही! पुढच्या खेपेला त्यांनी नानांचीच जुनी पितळी की, म्हणजे ते ठोके द्यायची दांडी, घासून-पुसून नेली, पलंगावर लाकडी पाटी ठेवून तिच्यावर बसवली आणि बझर जोडला. नानांचा डावा हात तिच्यावर ठेवला. खोलीत आम्ही पाचजण होतो.

नानांनी की दाबली. लांब. मग आखूड. मग लांब, लांब. भास्करराव पुढे झुकले, ओठ हलवत अक्षरं जुळवू लागले. नानांनी पुन्हा दाबली. भास्कररावांचे ओठ थांबले. तिथे अक्षर नव्हतं. नानांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा, हळू, लहान मूल पाटीवर गिरवतं तसं, आणि काहीच झालं नाही. डॉक्टरांनी नंतर समजावलं की ज्या जागी शब्द राहतात तीच जागा गेली आहे. मग ते तोंडाने निघोत की बोटाने. ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. भास्करराव मात्र म्हणाले, "समजलं नाना, समजलं." नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी चुकीचा निरोप बरोबर म्हणून घेतला नव्हता, कोणाला घेऊ दिला नव्हता. त्यांनी डाव्या हाताने की दूर लोटली.

हजेरी मी घेऊ लागले. पुतण्याने सेट नानांच्या उशाशी नेऊन ठेवला होता. रोज सकाळी मी सगळ्यांत आधी नानांना हाक मारायची, मग रफिकभाई, जे त्या वेळी चहा घेऊन तिथेच बसलेले असायचे, आपल्या छोट्या सेटवरून सांगायचे, "ऐकतात. हात वर केला." मग हिराताई, मग भास्करराव. माझ्या आवाजात हाक मारताना मला सगळं बरोबर जमायचं, क्रम चुकायचा नाही, कोणी सुटायचं नाही. फक्त हिराताईंना मी मराठीत विचारायची. अहिराणी मला येत नाही, समजते.

श्रावणात रफिकभाईंचा फोन आला. रेडिओवर नाही, फोनवर. झोपेतच, म्हणाले. आम्ही धुळ्याला गेलो. पांझरेच्या काठी सगळं उरकलं. पुतण्याने अग्नी दिला. हिराताईंना त्यांच्या पायांमुळे गाडीतून उतरता आलं नाही. त्या काच खाली करून बसल्या होत्या आणि दुरून धूर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी बटण दाबलं. क्रमात पहिलं नानांचं नाव आलं. मी ते घेतलं नाही. हजेरी जिवंत माणसांची असते. मी थेट रफिकभाईंपासून सुरुवात केली. सगळ्यांनी उत्तरं दिली. मला वाटलं, बरं झालं, घडी विस्कटली नाही. नानांना हेच हवं असतं. त्यापुढचे दिवसही तसेच गेले. साखर किती, गुडघा कसा, बागेला पाणी दिलं का. हवेवर कोणीही नानांबद्दल एक शब्द काढला नाही.

मग एका सकाळी हिराताईंनी उत्तर दिलं नाही.

मी पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. मग सेट तसाच चालू ठेवून, पायात चप्पल अडकवून निघाले. मागच्या कॉलनीपर्यंतचा रस्ता मला कधी एवढा लांब वाटला नव्हता. डोळ्यांपुढे शिरपूरकडची ती मोरी होती. दार वाजवायला हात उचलला तर दार नुसतं लोटलेलं होतं. हिराताई सेटसमोर बसल्या होत्या. वेणी घातलेली, साडी नीट, हातात माईक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"ऐकू नाही आलं का?" मी विचारलं.

"ऐकू उनं. तीन्ही डाव ऐकू उनं."

"मग? ताई, माझा जीव गेला असता!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "रोज त्यानं नाव सोडी देस तू, सुधा. जसा तो कधी व्हताच नही."

मी खाली बसले. मी हजेरी नीट घेतली होती. सेटमधून भास्कररावांचा आवाज येत होता, काळजीचा: "जळगाव, हिराताई कशा आहेत? सुधाताई, पोचलात का? कळवा." मग रफिकभाई: "धुळे ऐकतंय. काही लागलं तर सांगा." सगळे बटण सोडून वाट पाहत होते.

मी हिराताईंकडे पाहून मान हलवली. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला, बटण दाबलं. आधी आपली कॉल साइन सांगितली, अक्षर न अक्षर स्पष्ट, नागपूरच्या परीक्षेला बसल्यासारखी. मग म्हणाल्या, "मी शे. सुधा मनापाशी शे." थोडं थांबल्या. बटण त्यांनी सोडलं नव्हतं. आणखी काही सांगायचं होतं. डाव्या हाताने त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"भाऊ हो, आपला नाना गया."

आणि त्यांनी बटण सोडलं.

सेटमध्ये नुसती हवेची खरखर होती. निरोप दिला होता आणि तो कोणी घेत नव्हतं. हिराताई माईक धरून बसल्या, नाना बसायचे तशाच, समोरच्याला वेळ देत. बाहेर दूधवाला आला आणि बरणी ठेवून गेला. मग रफिकभाई आले. ज्यांनी नानांना शेवटचा चहा पाजला होता, त्यांना ही बातमी कोणी द्यायची गरज नव्हती. त्यांनी आपली कॉल साइन सांगितली आणि म्हणाले, "मिळालं." मग भास्कररावांनी आपली कॉल साइन सांगितली. त्यांचा आवाज फुटला, शब्द आला नाही, त्यांनी ती पुन्हा सांगितली आणि म्हणाले, "मिळालं." चाळीसगावच्या दोघांनी एकामागून एक सांगितलं.

हिराताईंनी माईक माझ्यापुढे धरला. मी बटण दाबलं, माझी कॉल साइन सांगितली, आणि मलाही मिळालं असं कळवलं.